ऑप्शनला टाकलेली पेटी

हसू नका, माझं डोकं अजून तापलेलंय. लातुरात मी पेटी शिकवतो, हे तुम्हाला माहितीच हाय. मुखेडहून येऊन पोरीच्या दहावीच्या क्लाससाठी इथं खोली करून राहिलेला एक बाप तिला माझ्याकडं घेऊन आला. संगीताच्या परीक्षेचे जादा मार्क पाहिजे होते. मी सारेगमच्या अलंकारांचं पुस्तक दिलं अन् सांगितलं, "घरी पेटीवर रोज एक वाजवायचा."

महिन्यानं दोघं आले. पुस्तकात जागोजागी लाल पेनानं 'आयएमपी' लिहिलेलं! पोरगी उभी राहिली अन् पाढे म्हणावेत तसे सगळे अलंकार घडाघडा म्हणून मोकळी झाली.

"आता वाजव."

ती बापाकडं बघायला लागली. बाप म्हणाला, "पेटी घेतलीच न्हाई, सर. आवाजानं अभ्यास बुडतो. क्लासवाले सर म्हणले, लेखी पक्कं करा, वाजवायचं ऑप्शनला टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही बाहेर बसा!" मी त्याच्यावर ओरडलो.

मग पेटी पोरीपुढं सरकवली अन् मीच भाता मारायला लागलो. तिनं भीत भीत पहिली पट्टी दाबली, अन् दचकून बोट मागं घेतलं.

"सर, हाच का सा?"