सात नंबरचा फोटो

शुभांगी : बाकी सगळ्या खोल्यांचे फोटो झाले, मामा. सात नंबरचा तेवढा हट्टाला पेटलाय. हलकाच होईना.

वीरप्पा : हलका कशाला करायचा? एवढी मोठी खोली, मोठी दिसू दे की गिऱ्हाईकाला.

शुभांगी : दिसायला तेवढीच दिसते. आतलं वजन, म्हणजे एमबी, कमी करायचं असतं. माणूस सोलापूरच्या एसटीत बसून मोबाइलवर तुळजापुरातलं लॉज शोधतो, रेंज धड नसते. आपला फोटो उघडेपर्यंत तो दुसऱ्या लॉजला फोन लावून मोकळा होतो. मग गूगलपण आपली साइट मागं ढकलतं. आज आपण चौथ्या पानावर आहोत, तिथं कुणी फिरकत नाही.

वीरप्पा : आन नवरात्र तोंडावर आलंय.

शुभांगी : म्हणून तर तुमच्या मागं लागून आत्यांची ही सात नंबरची खोली उघडायला लावली. मोठं कुटुंब आलं की आपल्याकडं द्यायला खोलीच नसते.

वीरप्पा : दिली की किल्ली. ती गेल्यावर कुलूप लावलं हुतं, ते तुझ्यासाठी काढलं.

शुभांगी : आता फोटोचं ऐका. फोटोत जेवढा पसारा, तेवढा तो जड. गर्दी, झाडं, नक्षी असलं काही. मोकळी भिंत असली की एकदम हलका. सहा नंबरात कपाट, आरसा, फुलाफुलांचा पडदा, तरी चुटकीसरशी हलका झाला. सातमध्ये पांढऱ्या भिंती आणि एक पलंग. आणि तो फोटो महाद्वाराच्या गर्दीच्या फोटोपेक्षा जड निघतोय.

वीरप्पा : तुजा मोबाइल बिघडला आसंल.

शुभांगी : शेजारच्या महेश्वरीच्या मोबाइलवर काढून बघितला. तेच. मग मी फोटोचे तुकडे केले. दाराकडचा हलका, पलंगाचा हलका. सगळं वजन खिडकीजवळच्या एका तुकड्यात आहे. तिथं नुसती भिंत आहे, मामा.

वीरप्पा : किती उंचीपतूर?

शुभांगी : म्हणजे?

वीरप्पा : भिंतीवर कुठंवर जड हाय, ते इचारतोय.

शुभांगी : खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढं. त्याच्या वर काही नाही.

वीरप्पा : तिथं तुज्या आत्याची, गंगाची खुर्ची असायची. तू सून म्हणून ह्या घरात यायच्या आधीची गोष्ट. गुडघे धरले तिचे, जिना उतरवंना, मग दिवसभर खिडकीत बसायची. एसटीतनं उतरलेली माणसं बघून ती वरनंच वळखायची, कोण खोली हुडकतंय ते. कर्नाटकातली दिसली की वरनं कानडीत हाक, बर्री, बर्री, या, या म्हणून. आमाला कवा पाटी लावायची गरज पडली न्हाय.

शुभांगी : मला भीती वाटतेय, मामा. खरंच.

वीरप्पा : आपलीच हाय ती. चल वर. म्या पलंगावर बसतो, आजून एक फोटो काढ.

(सात नंबरची खोली. भर दुपार, खिडकी उघडी.)

वीरप्पा : काढलास?

शुभांगी : काढला. थांबा, तुकडे करून बघते. खिडकीजवळचा हलका झालाय, मामा. बाकीच्या भिंतीसारखाच.

वीरप्पा : मंजी गेली म्हणायची.

शुभांगी : नाही.

वीरप्पा : बोल की.

शुभांगी : तुमचा तुकडा जड आहे, ते बरोबर, माणूस बसलाय. पण तुमच्या डाव्या हाताला नुसती चादर आहे. पांढरी, एक सुरकुती नाही. तो तुकडा तुमच्याएवढाच जड आहे. उठा मामा, खाली जाऊ.

वीरप्पा : साइटवर ह्या फोटोखाली काय लिवलंस?

शुभांगी : गूगलला फोटो कळावा म्हणून त्यात काय आहे ते लिहावं लागतं. मी लिहिलंय, ‘तुळजापूर लॉज, मोठी रिकामी खोली, खिडकीतून रस्ता दिसतो.’

वीरप्पा : काढून टाक. ही खोली द्यायची न्हाय.

शुभांगी : आणि नवरात्रात लोकं आली तर?

वीरप्पा : माजी खोली दे त्यांला. म्या हितं झोपतो.

शुभांगी : बरं. आता तरी चला.

वीरप्पा : तू हो पुढं. म्या जरा सरकून बसतो. तिला पाय पसरायला जागा लागती.