वाटाड्याचे बूट

मिलात्सोच्या धक्क्यावर स्ट्रॉम्बोली बेटाच्या बोटीसाठी रांग लागली होती. ज्वालामुखी चढायला येणाऱ्यांना बूट भाड्याने देणारी आगाता रांगेत होती. तिच्या पुढेच बेटावरचा म्हातारा वाटाड्या नुंत्सिओ आणि त्याची मुलगी बोलत होते.

“वाटाड्याची परीक्षा पास झालीस म्हणजे डोंगर कळला असं नाही हं, मेलिना.”

“म्हणून तर चल म्हणतेय, बाबा. उद्या माझी चढणाऱ्यांची पहिली तुकडी आहे.”

“तो मोठा स्फोट झाल्यापासून मी डोंगराचं नावच टाकलंय.”

“हो का? तो गुरगुरत असला की तू ढाराढूर घोरतोस. गप्प झाला की घरभर येरझाऱ्या घालतोस.”

“तोंड फार चालतं तुझं.”

“पायही चालतात. बघायला ये.”

“पुढे कोण असणार?”

“मी.”

“आणि मी?”

“सगळ्यांच्या मागे. दमलेल्यांना धीर द्यायला.”

“जन्मभर त्या वाटेवर माझ्यापुढे कुणी चाललं नाही.”

“माहितीये. तुझी पाठ बघतच तर शिकले.”

नुंत्सिओ वळला. मागे आगाता होती.

“काय गं, माझ्या मापाचे बूट मिळतील? माझे मी स्फोटानंतरच कचऱ्यात टाकले.”

“तुझेच आहेत माझ्याकडे. उचलून आणले होते. अजून कुणाला भाड्याने दिले नाहीत.”