साळवेचा परसों

साळवेचं नाव काढलं की अजून माझा जळफळाट होतो. घरोघरी नवीन केबल येत होती तेव्हाची गोष्ट. हैदराबादच्या विद्यानगरला जातिभेदाविरुद्ध शिबिर होतं, बोलायला दिल्लीच्या बाई. साळवे उठून म्हणाला, “परसों मेरेकू बावडी पे पानी नै भरने दिये.” आता हैदराबादेत परसों म्हणजे मागे कधीही, त्याची विहीर गावाकडची, वीस वर्षांपूर्वीची. बाईंना वाटलं, परवाच! डोळे पुसत त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. मला तर दिलसुखनगरच्या घरमालकानं खरोखर परवा, आडनाव ऐकून खोली नाकारली होती. चहा झाल्यावर मी तावातावानं उठलो, “मेरेकू भी परसों...” पण चहा पिताना कुणीतरी बाईंना हैदराबादी परसों समजावून सांगितला होता. त्या गोड हसल्या, “अच्छा, कितने साल पहले?”