मोडेमचं बेअरिंग

तुम्ही वायफायवर कुरकुरता म्हणून सांगते. आमच्या चामराजपुरमच्या घरात डायल-अप आलं, त्याच आठवड्यात माझ्या नणंदेनं ऑस्ट्रेलियाहून बाळाचा पहिला फोटो मेल केला होता. सासऱ्यांना नात बघायची कोण घाई! आणि अडवत होते तेच.

बाबा, म्हणजे माझे सासरे, मेटगळ्ळीच्या कारखान्यातले रिटायर्ड फोरमन. मी फोनची वायर मोडेमला लावली, डायल केलं, आणि मोडेम किंचाळायला लागला. बाबांनी झटक्यात प्लगच उपटला.

“बेडा, बेडा! नको, नको! बेअरिंग गेलंय त्याचं!”

“बाबा, त्यात बेअरिंग नसतं. तो पलीकडच्या कॉम्प्युटरशी बोलतोय.”

“असं बोलतात होय? ओरडणारं मशीन आधी बंद करायचं, मग कारण शोधायचं.”

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी त्यांना हाताची घडी घालून बसवलं, तर त्यांनी पायानं बटण बंद केलं. शेवटी बाबांना सांगून, सेटिंगमध्ये जाऊन मी मोडेमचा आवाजच बंद करून टाकला. या वेळी आवाज न होता कनेक्शन लागलं.

“बघ, आता कसं स्मूथ चाललंय!” बाबा खूश.

फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं उतरू लागला. आधी टोपरं, मग मिटलेले डोळे, मग भलंमोठं उघडं तोंड. पोर जिवाच्या आकांतानं रडत होती.

बाबांनी कान स्क्रीनजवळ नेला. मग हळूच मला म्हणाले, “अगं, हिचा कशाला बंद केलास? हिचा आवाज चालू कर.”