दाऊद मास्तरकडून मी लिहून घेतलं होतं

पाळकसाहेब, मास्तरच्या घरच्या बाई, कॉलेजच्या पोरापोरींनो आणि मायबापहो, तुम्हा सगळ्यायले हात जोडतो.

बोलणाऱ्यायच्या यादीत माझं नाव नव्हतं. तो पोरगा माइकवरून म्हणाला, "पालकांपैकी कोणी बोलणार का?" आणि मी उठलो. मी उठलो तशी मागच्या बाकावरची पोरं एकमेकायकडे पाहू लागली. पाहिलं मी. हा कायले उठला, हेच ना? बरोबर आहे. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

मी अड्याळचा. एसटीत कंडक्टर आहो, सव्वीस वर्षं झाली. ती तिसऱ्या बाकावर बसली आहे ती प्रणाली, माझी पोरगी. इथं भंडाऱ्याले होस्टेलात राहून बीएस्सी करते. ज्या मास्तरच्या फोटोले आज हार घातला, त्यायच्याजवळ ती दर रविवारी याच चर्चमधे गाणं शिकत होती. ते गाणं मी बंद केलं. कसं बोलावं समजत नाही. पण बोलतो.

कंडक्टरचं काम तुम्ही पाहिलं आहे. गाडी भरली की मी हाताकडे पाहत नाही, तोंडाकडे पाहतो. एक जण झोपेचं सोंग घेते. एक जण उगाच खिडकीबाहेर पाहते. त्यानं तिकीट काढलं नाही हे मले त्याच्या मानेवरून समजते. आता हा डोळा घरी आल्यावर शर्टासारखा खुंटीले टांगता येते काय? नाही येत. बायको म्हणते, तुम्ही घरातही तिकीटच तपासता.

एक दिवस गाडीत कॉलेजची दोन पोरं बोलून राहिली होती. एक म्हणे, "काल चर्चमधे ते अड्याळवाली काय गायली बे!" तिकिटाची मशीन माझ्या हातात तशीच राहिली. रविवारी प्रणाली घरी येत नव्हती. अभ्यास आहे म्हणे. अभ्यास! चर्चमधे? आपली पोरगी? काहून?

पुढच्या रविवारी मी ड्यूटीच्या खाकीतच इथं येऊन बसलो. त्या शेवटच्या बाकावर. वीसेक पोरं होती. बाजूच्या पोराले नाव-गाव विचारलं, तर तो सानगडीचा, धान पिकवणाऱ्या घरचा. समोर सिहोऱ्याची एक पोरगी, कपाळाले टिकली. ख्रिस्ती पोरं अर्धीही नसतील. म्हटलं, हे सगळे इथं कायले? कोणी आणले यायले? आणि मास्तर पेटीवर. पांढरा सदरा, हडकुळा माणूस, शाळेतून रिटायर झालेला. फी घेत नाही. चहा पाजत नाही. कोणाले काही विचारत नाही. नुसतं शिकवते. दोन तास! मनात म्हटलं, कुठं तरी पाणी मुरून राहिलं. आजकाल फुकट कोण काय करते जी?

घरी पोरीले समोर बसवलं. "तुले काय भेटते तिथं?"

"काही नाही बाबा. गाते."

"तो मास्तर काय देऊन राहिला तुले? सांग."

ती चूप. तिची चूप मले चोरी वाटली.

मित्रांनो, एक गोष्ट सांगतो. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हा गावातल्या मोठ्या लोकायनं त्याले चावडीवर बोलावलं होतं. विचारलं, "काय देऊन राहिले रे तुले तिथं?" माझा बाप मरेपर्यंत ही गोष्ट सांगत होता. सांगताना त्याचा आवाज चढत होता. जसं काही माणूस काही भेटल्याबिगर कुठं जातच नाही! आणि तोच प्रश्न, त्याच शब्दात, मी माझ्या पोरीले विचारला. तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

पण माझं भेव एकदम खोटं होतं, असं मी आजही म्हणणार नाही. प्रणालीची जात पडताळणीची फाइल तेव्हा अडकून पडली होती. डेपोतला एक जण म्हणे, पोरगी चर्चमधे दिसली, कोणी फोटो लावून अर्ज केला, तर धर्म बदलला म्हणतील. सवलत गेली, पुढच्या शिक्षणाची सीट गेली. मग बापानं विचारू नये? विचारलंच पाहिजे. कसं विचारलं, तिथं माझं चुकलं.

मी मास्तरच्या घरी गेलो. बाई, तुम्ही दार उघडलं होतं. मी बसलोही नाही. म्हटलं, "मले लिहून द्या."

"काय लिहू जी?" मास्तर म्हणाले.

"माझ्या पोरीचा धर्म बदलवणार नाही म्हणून."

कोणी दुसरा असता तर हाकलून देता. मास्तरनं चष्मा लावला, वहीतला कागद फाडला आणि लिहिलं: प्रणाली माझ्याकडे गाणं शिकते. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. तिनं कधी विचारलं, तर मी आधी तिच्या वडिलांशी बोलेन. खाली सही. मी माझा मोबाइल नंबर दिला. म्हटलं, काहीही असलं तरी तिले नाही, मले फोन करायचा.

मग त्यायनं तो कागद पलटवला, पेन माझ्यापुढं धरला. "आता मागून तुम्ही लिहा, पोरीले गाऊ देईन."

मले वाटलं, फसवून राहिला. म्हटलं, "मी कुठंच सही करत नाही."

मास्तर हसले. "बरं, पाणी तरी प्या." मी पाणीही नाही प्यायलो.

तो कागद मी लॅमिनेशन करून पडताळणीच्या फाइलीत ठेवला. हसा, हसा. हसण्यासारखंच आहे. आणि इतकं करून माझं समाधान झालं काय? नाही. उलट म्हटलं, यानं इतक्या लवकर लिहून कसं दिलं? ज्याच्या मनात काही नाही तो आधी भांडते! आता संशयाले औषध नाही, तर काय करता? मी पोरीचा रविवार बंद केला. दर शनिवारी तिले गाडीत बसवून अड्याळले आणू लागलो.

ती भांडली नाही. रडलीही नाही. फक्त घरात गुणगुणणं बंद झालं. पोळ्या लाटताना तिच्या तोंडात कायम काही तरी राहत होतं, ते गेलं. "बाबा, जेवा" म्हणे, ताट ठेवे, निघून जाये. मले वाटलं, चला, सुधरली.

आता जे सांगायले उठलो ते सांगतो.

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी पवनीच्या स्टँडवर गाडी लागली होती. फोन आला. आवाज ओळखू आला नाही इतका बारीक. मास्तर होते. म्हणाले, "दवाखान्यात आहो जी. प्रणालीले पाच मिनिटं पाठवाल काय? नाताळचं एक गाणं अर्धं शिकवलं होतं. शेवटचं कडवं राहिलं. ते समोर बसून सांगावं लागते."

मले काय वाटलं असंल? मले वाटलं, आजाराचं नाव करून बोलावून राहिला. मी म्हटलं, "तिची परीक्षा आहे."

"पेपर कधी संपते?"

"पंधरा दिवसानं."

"बरं," मास्तर म्हणाले. "मी थांबतो."

परीक्षा नव्हती, मायबापहो. एकही पेपर नव्हता. त्या दिवशी पोरगी घरीच होती, आईसंगं भाजी निवडत होती. मास्तर सहाव्या दिवशी गेले.

बाई, त्या फोनच्या वेळी तुम्ही त्यायच्या उशाशी असाल. तुम्हाले सगळं मालूम असंल. तरी आज मले इथं चर्चच्या दारातून तुम्ही आत घेतलं. पाणीही दिलं. आज प्यायलो.

प्रणालीले हे मालूम नव्हतं. ती आता तुमच्यासंगंच पहिल्यांदा ऐकून राहिली. कोणी म्हणेल, घरी सांगायचं होतं, लोकायसमोर पोरीले कायले रडवतो? घरी सांगायले मी तीनदा बसलो. तीनही बार माझ्या मनात आलं, परीक्षेचं नको सांगू, फोन लागला नाही म्हण. मी जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतला, पण ज्याच्यावर घ्यायचा तो मीच होतो. म्हणून इथं बोललो. आता सगळ्यायनं ऐकलं, मले ते बदलता येणार नाही.

मास्तर, मी तुम्हाले काही लिहून दिलं नाही. माफीही मागत नाही. तुम्ही देऊन टाकाल, तुमची तशीच सवय होती.

आता पाळकसाहेबाच्या परवानगीनं आपण दोन मिनिटं चूप उभं राहू. ज्याचा जो देव असेल त्यानं त्याले आठवावं. ज्याचा नसेल त्यानं मास्तरले आठवावं. उठा.

प्रणाली, तू माझ्या सांगण्यावरून उठू नको. तुले बसून राहायचं असेल तर बसून राहा.