काकांनी कापलेले श्वास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या रेकॉर्डिंग कंपनीचे मालक. व्यासपीठावरचे संगीतकार सर आणि इतर मान्यवर. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले ध्वनिमुद्रक काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. समोर बसलेले माझे वादक आणि गायक मित्रमैत्रिणी, आणि पहिल्या रांगेतली माझी आई, सर्वांना नमस्कार.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय की माझं पहिलं सिंगल हे काकांच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम आहे. म्हणजे मला इथे वक्ता म्हणून नाही, पुरावा म्हणून उभं केलंय. निरोपाच्या दिवशी मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हे मला ठाऊक आहे. माझ्याच्याने मात्र आज धार निघायची नाही. काकू, तुम्ही राग मानू नका, तुमच्याशी माझं काही वाकडं नाही.

नवीन मंडळींसाठी सांगते, काका नेमकं काय करायचे. स्टुडिओत आम्ही काचेच्या अलीकडे गायचो, ते पलीकडे बसून ध्वनिमुद्रण करायचे. आम्ही घरी गेलो की ते आमचा आवाज संगणकावर साफ करायला बसायचे. दोन ओळींच्या मध्ये गायक श्वास घेतो. तो थोडा हलका सगळेच करतात. काका तो मुळातच कापून टाकायचे आणि पुढची ओळ मागे ओढून आधीच्या ओळीला चिकटवायचे. गाणं कसं पळत सुटायचं. खोटं कशाला बोलू, ऐकायला झकास वाटायचं.

माझं सिंगल बाहेर आलं त्या दिवशी ऑफिसात केक कापला. चपलांच्या दुकानात माझं गाणं, सलूनमध्ये माझं गाणं, बसमध्ये शेजारणीच्या फोनवर माझंच गाणं. मी हरखून घरी आले आणि आईला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "छान आहे गं. पण यात तू कुठे आहेस? तू दम घेतेस ना, तिथे मला तू कळतेस." मी म्हटलं, आई, हल्ली असंच असतं.

हल्ली कसं असतं ते पहिल्याच कार्यक्रमात कळलं. लोकांना हुबेहूब रेकॉर्डिंगसारखं हवं होतं, वादकांनी तसंच वाजवलं. दुसऱ्या कडव्यात मी दम घेतला तोवर पुढची ओळ निघून गेली होती. तिला गाठायला धावले, तर तीही अर्धीच हाती आली. तोंड उघडं आणि आवाज नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, पाणी द्या कुणीतरी तिला." सगळा हॉल हसला. मला सांगा, ज्या गाण्यात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही, ते कोणत्या जित्या माणसाने गायचं?

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. म्हटलं, काका, माझे श्वास परत ठेवा. काका चहा ढवळत म्हणाले, "पोरी, श्वास म्हणजे कचरा. काढलेला केर कोणी परत घरात आणतं का?"

अध्यक्ष महाशय, तुम्हीही तिथेच होतात. तोडगा तुम्हीच काढलात. रेकॉर्डिंग लावू, ही नुसते ओठ हलवेल. तेव्हापासून मी ओठ हलवतेय. लोक टाळ्या वाजवतात, आणि घरी रियाजाला बसले की माझाच आवाज मला परका वाटतो. परवा तर साधी तान घेताना भीती वाटली. काका, तुम्ही माझं नाव केलंत असं सगळे सांगतात. केलंत ना. पण मला गाणं येत होतं, ते तुम्ही घालवलंत, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

आता कार्यक्रमपत्रिकेत यानंतर माझं तेच गाणं आहे, रेकॉर्डिंगवर. ते रेकॉर्डिंग लागणार नाही. कीबोर्डवाल्या दादांशी सकाळीच बोलले आहे. मी जिथे थांबेन तिथे ते थांबतील. रेकॉर्डिंगवरच ओठ हलवायचा करार मोडला म्हणून अध्यक्षांनी उद्या मला घरी बसवलं, तर मी बसेन.

तुम्ही निमूटपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना माझा तोल गेला असेल तर मंडळींनी पोटात घालावं. काकांनी नाही घातलं तरी माझी हरकत नाही.

काका, उठू नका, बसा. पहिल्या ओळीनंतर मी श्वास घेणार आहे. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, आणि आज तुम्हाला तो कापता येणार नाही.