खंडेनवमीची फायनल

आमच्या बास्केटबॉल टीमचा इतिहास मी लिहिलाय, ठाऊक हाय का? हसू नका. उद्यमबागेत आमच्या कारखान्याची पगारी टीम हाय. मालकांनी इतिहास लिहायला मलाच बसवलं, का तर म्हणे तुझं अक्षर चांगलं.

गेलो कोच अण्णांकडं. म्हटलं, "अण्णा, आजवर कप किती?"

"एक. शिस्तीचा."

"फायनल?"

"एकदाच गेलतो, निपाणीच्या टीमसंगं. नेमकी खंडेनवमीला आली."

"मग?"

"मग काय! कारखान्यात मशिनींची पूजा, त्यात मी सगळे बॉलबी मांडले. पोरांचं हत्यार तेच की रं! पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी उचलतंय व्हय कोण?"

"निपाणीवाल्यांचा बॉल घ्यायचा!"

"त्यांनीबी पूजेलाच ठेवलेला. आमच्याकडं असंल म्हणून हात हलवत आलते."

"आणि पंच?"

"त्यो लई तापला. दोघांनाबी बाद करतो म्हणून शिट्टीसाठी खिशात हात घातला, तर शिट्टी घरी देव्हाऱ्यात. मग सगळ्यांनी मिळून चिरमुरे खाल्ले आणि घरला गेलो. दुसऱ्या दिवशी दसरा, मैदान काय मिळालं न्हाय."

हे सगळं इमानदारीनं लिहून मालकांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, पानभर फुली मारली आणि खाली एकच ओळ लिहिली: 'फायनलमध्ये आजवर एकदाही हरलो नाही.'

मी म्हटलं, "मालक, निपाणीवाल्यांनी हे बघितलं तर?"

"बघू देत की. त्यांच्या इतिहासातनंच उतरवून घेतलंय."